ताईची बाग आणि पाहुण्या माशा

३ फेब्रुवारी

आल्या! जिवंत आल्या!

खोकं उघडताना देवाचं नाव घेतलं. इथं कोण बघतंय, म्हणून लिहिते. पुठ्ठा, पुठ्ठ्याच्या आत थर्माकोल, थर्माकोलच्या आत गारवा धरणारी पाकिटं, आणि त्यांच्या मधोमध कापडात गुंडाळलेल्या काचेच्या नळ्या. आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडम सकाळपासून बजावत होत्या, "निम्म्या मेलेल्या निघतील हं, मनाची तयारी ठेव." मी पहिली नळी दिव्यासमोर धरली. तळाशी मधाचा ठिपका, आणि त्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका — चालणारा! टाचणीच्या डोक्याहूनही बारीक. अर्धं जग ओलांडून आलेली बाई, आणि उतरल्या उतरल्या पहिलं काम काय, तर जेवण.

दोन विमानं बदलली खोक्यानं. कस्टमच्या माणसाला ते सोमवारपर्यंत गोदामात टाकून ठेवता आलं असतं, कायद्यानं कुणी काही म्हणालं नसतं. त्यानं स्वतःच्या खोलीत पंख्याखाली ठेवलं आणि मॅडमना फोन केला, "लवकर या हो, यात काहीतरी जिवंत आहे असं लिहिलंय, मला झोप नाही यायची." किती हात लागले असतील या खोक्याला! कुणालाच ठाऊक नाही आत कोण आहे, कशासाठी चाललंय. तरी एकानंही उन्हात टाकलं नाही. मला फार बरं वाटलं आज. माणसं बरी आहेत.

५ फेब्रुवारी

ताईचा फोन. नेहमीसारखी नमस्कार-चमत्कार न करता सुरू — "धाकटे, तुझे किडे आले का?"

किडे नाहीत, माशा आहेत, म्हटलं. तर म्हणे, "मला मेलीला काय, कीड खाणारं काहीतरी पाठव."

तिची पपईची बाग मी शेवटची पाहिली तेव्हाच ओळखू येईना. झाडांवर कुणी चाळणीनं पीठ चाळावं तसा पांढरा थर. पिठ्या ढेकूण! नाव विनोदी आहे, काम अजिबात नाही. पानं आकसलेली, फळांवर चिकट रस, त्यावर काळी बुरशी, आणि रस चाटायला मुंग्यांची रांग. ताईची फळं बोटीनं जायची. खोक्यावर तिच्या बागेचं चित्र असायचं आणि कुठल्या कुठल्या बंदरात ती उतरायची! आता त्याच बंदरांना तिचा माल नको. पॅकिंग शेडमधल्या बाया येतात, बसतात, जातात.

दर आठवड्याला औषध मारते ती. चार दिवस कीड दबते, पुन्हा दुप्पट. दोन वर्षं हेच. हाताची सालटं निघाली आहेत तिच्या. भावजींनी डोक्यात घेतलंय, झाडं तोडायची आणि जागेवर पत्र्याचं गोदाम उभं करायचं. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय म्हणे.

ती बाग ताईनं एकटीनं लावली. रोपटी रुजेनात तेव्हा तिथंच खाट टाकून राहिली होती. गोदाम म्हणे! भावजींना एकदा चांगलं सुनावणार आहे मी.

७ फेब्रुवारी

नवऱ्यानं विचारलं, "एवढी कौतुकं चाललीत त्या माशीची, ती करते काय?"

सांगितलं. ती पिठ्या ढेकणाच्या पोटात अंडं घालते. अंड्यातून अळी निघते, ती ढेकणाला आतून खाते. ढेकूण फुगतो, तपकिरी होतो, वाळतो — त्याला आम्ही ममी म्हणतो. मग त्या ममीच्या पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर. आणि ही माशी दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. फक्त हाच ढेकूण.

तो जेवत होता. ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "मी सहज विचारलं होतं गं."

१० फेब्रुवारी

आज काम कमी, म्हणून भटक्याबद्दल लिहून ठेवते.

भटक्या हे या माशा शोधून पाठवणाऱ्या शास्त्रज्ञाला आम्ही ठेवलेलं नाव. खरं नाव मला उच्चारताही येत नाही. हा ढेकूण आपला नाहीच. समुद्रापलीकडून कुठल्या तरी रोपांच्या खोक्यातून आला, बोटीतून उतरला आणि इथं मोकाट सुटला, कारण त्याचा वैरी मागं राहिला. मग वैऱ्याला शोधायला जायचं कुठं? ढेकणाच्या माहेरी! आणि तिथं गंमत अशी, की ढेकूण सापडतच नाही. वैरी त्याला इतका दाबून ठेवतो, की तिथल्या बागाईतदारांना तो माहीतही नाही. भटक्या फोटो दाखवत दारोदार हिंडायचा. लोक म्हणायचे, असलं काही आमच्याकडे नसतं. तो म्हणायचा, नसतं ते का नसतं तेच शोधतोय!

शेवटी त्यानं मोड आलेल्या बटाट्यांवर ढेकूण वाढवले आणि ते बटाटे जाळीच्या पिशव्यांतून लोकांच्या परसात, शाळेच्या आवारात, एका न्हाव्याच्या दुकानामागं टांगले. आमिष! वास घेत घेत माशी तिथं आली. न्हाव्याच्या बटाट्यावरच पहिली सापडली म्हणे. या माशीला अजून शास्त्रात नावसुद्धा नाही, इतकी नवी.

मॅडम त्याला आयुष्यात एकदाच भेटल्या आहेत, कुठल्याशा परिषदेत, चहाच्या रांगेत. आणि तेवढ्या ओळखीवर हा माणूस आमच्यासाठी न्हाव्याच्या दारात बटाटे टांगतो! मला असं कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. मी तर शेजारणीला विरजण द्यायलाही कुरकुरते.

१२ फेब्रुवारी

घरी बटाट्याची भाजी. मला जाईना. आमचेही ढेकूण बटाट्यांवरच वाढतात, दिवसभर तेच बघते, तेच हुंगते.

१८ फेब्रुवारी

ताई आली होती. बाहेरच्या खोलीत बसवलं. आत येता येत नाही कुणाला — दोन दारं, मधे अंधारी खोली, कपडे बदलायचे, केस झाकायचे, बाहेर पडताना अंगावर ब्रश फिरवून घ्यायचा. एक माशी बाहेर गेली तर मॅडमची नोकरी जाईल, माझीही.

चहा अर्धा झाला आणि तिनं पर्स उघडली. आत एक रिकामी काचेची बाटली. स्वच्छ धुतलेली, झाकणाला सुईनं भोकं पाडलेली.

"चारच दे. कुणाला कळणार आहे?"

ताईनं कधी माझ्याकडे काही मागितलं नाही. उलट मीच आयुष्यभर तिच्या जिवावर — माझी फी, माझं बाळंतपण, सगळं तिनं काढलं. आणि आज ती बाटली घेऊन बसलेली. मला तोंड वर करून बघवेना.

नाही म्हटलं. अजून तपासण्या बाकी आहेत, म्हटलं. ही माशी दुसरं काही खात नाही असं आपण म्हणतो, पण दाखवून द्यावं लागतं — मधमाश्यांजवळ ठेवून, रेशमाच्या किड्यांजवळ ठेवून. नाहीतर उद्या ही माशीच नवा पिठ्या ढेकूण व्हायची. शिवाय तुझ्या पानांवर औषध आहे, घेऊन गेलीस तरी तासाभरात मरतील.

तिनं बाटली परत पर्समध्ये ठेवली. म्हणाली, "मग मी काय करू ते तरी सांग."

"औषध थांबव. आजपासून. मॅडम माशा सोडायला बाग शोधतायत, कुणी फवारणी थांबवायला तयार नाही. तू थांबवलीस तर पहिली बाग तुझी."

"आणि तोवर?"

"तोवर कळ काढ."

तिनं उरलेला चहा संपवला. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू म्हणतेस म्हणून." गेली. भोकं पाडलेलं ते झाकण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

२३ फेब्रुवारी

इथल्या मातीत जन्मलेली पहिली पिढी आज बाहेर पडायला लागली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी ठेवलेत, एवढा आनंद! भराभर भोकं पडतायत ममींना. मॅडम गुणगुणत होत्या. त्या गुणगुणतात हे मला आजच कळलं.

२४ फेब्रुवारी

सगळे नर.

एकूण एक. एकही मादी नाही.

२५ फेब्रुवारी

आता डोकं थोडं ठिकाणावर आहे. लिहिते.

असल्या माश्यांमध्ये एक चोर माशी असते. ती आपल्या माशीच्या अळीला खाते. परदेशातून आलेल्या मालात चोर असला आणि तो सुटला, तर सगळं मुसळ केरात. म्हणून भटक्यानं एकेका नळीत एकेकच ममी पाठवली होती, काहींतून माशी वाटेतच निघाली. एकेक माशी निघाली की भिंगाखाली धरायची, पारखायची, आपली असेल तर ठेवायची, चोर असेल तर मारायची.

तेव्हा दोन तऱ्हेच्या निघाल्या. एक ठसठशीत, पिवळी. दुसरी किरकोळ, मळकट, मिशा निराळ्या. मीच म्हटलं, मॅडम, हा चोर दिसतो. मॅडमनी पाहिलं, त्याही म्हणाल्या, चोरच. पिवळ्या ठेवल्या. मळकट सगळ्या स्पिरिटमध्ये बुडवल्या. डोळ्यांत तेल घालून! एकही सुटू दिली नाही!

आणि काल जे बाहेर पडले ते सगळे तसेच — किरकोळ, मळकट, मिशा निराळ्या.

ते चोर नव्हते. नवरे होते. सगळे नवरे आम्ही चोर म्हणून मारले आणि बायकांना एकेकट्या ढेकणांवर सोडलं. या जातीत लग्नाशिवाय अंडी घातली तर नुसते मुलगेच होतात. बायका आता म्हाताऱ्या होऊन मेल्यासुद्धा. उरले हे मुलगे. नळीत इकडून तिकडे फिरतायत बिचारे, बायको शोधत.

मॅडमनी डोक्याला हात लावला. मी रडले. मग कशी कोण जाणे, दोघींना हसू फुटलं, आणि हसता हसता पुन्हा रडायला आलं.

२६ फेब्रुवारी

मॅडमनी भटक्याला फोन लावला. मी समोर उभी, शाळेत अंगठे धरून उभं राहतात तशी. त्यांची भाषा मला अर्धीमुर्धी कळते. मॅडमनी काही लपवलं नाही, सरळ सांगितलं. मग तो एवढ्यानं हसला, की मला फोनबाहेर ऐकू आलं. मग म्हणाला, चूक माझी, नर कसा दिसतो ते लिहायला हवं होतं, इतकं उघड वाटलं की लिहिलंच नाही. आणि मग म्हणाला — "उद्या निघतो."

उद्या निघतो! ना त्रागा, ना टोमणा. महिनोन्महिने घालवून मिळवलेलं आम्ही स्पिरिटमध्ये बुडवलं, आणि हा म्हणतो पुन्हा शोधायला उद्या निघतो. मी असते तर निदान आठवडाभर तोंड फुगवून बसले असते.

२७ फेब्रुवारी

ताईला सांगावंच लागलं. फोनवर नको, म्हणून गेले.

बाग आणखी पांढरी. औषध थांबवून आठवडा झाला आणि लगेच दिसतंय. सगळं सांगितलं, नवरे, चोर, सगळं. तिला वाटलं मी थट्टा करते. मग कळलं. म्हटलं, तुला बांधून ठेवणार नाही, नव्या माशा यायला किती दिवस लागतील ठाऊक नाही. पंप काढ, मार औषध.

भावजी ओसरीवरून म्हणाले, "झालं? संपलं संशोधन? आता तरी माणसाला बोलवू ना मापं घ्यायला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात ताईच म्हणाली, "नाही. औषध मारणार नाही मी."

का, विचारलं. तिनं हात पुढं केले. आठवडाभरात सालटं निघायची थांबली होती. "आणि शब्द दिलाय. एप्रिलअखेरपर्यंत थांबते. तोवर नाही आलात तर कुऱ्हाड मीच घालीन, दुसऱ्याला घालू देणार नाही."

भावजी उठून आत गेले. त्यांना सुनावायचं राहूनच गेलं. खरं तर सुनावायला तोंडच राहिलं नव्हतं मला.

६ मार्च

भटक्याचा निरोप. न्हाव्याचं दुकान आता तिथं नाही, जागा विकली. नव्या ठिकाणी बटाटे टांगतोय. एक शिक्षिका, एक बोटी रंगवणारा आणि एक नर्स, तिघांनी आपापलं परस दिलंय. नर्स रोज सकाळी कामावर जाण्याआधी बटाटा बघते आणि फोटो पाठवते. आमचं नावही तिला धड ठाऊक नसेल!

मी विचार करत बसले आज. आपलं आपलं म्हणतो त्यातलं आपलं किती? पपई तिकडची. बटाटा तिकडचा. मिरची, टोमॅटो तिकडचे. कुणी तरी, कधी तरी, बोटीत चार बिया घेऊन चढला म्हणून ताईची बाग झाली. आणि तशीच कुणीतरी चार रोपं आणली, त्यातून ढेकूण आला. वाट एकच. वाटेला दोष द्यायचा तरी कसा? त्याच वाटेनं आता त्यावरचा उतारा येतोय.

मॅडमना हे म्हटलं तर म्हणाल्या, "छान आहे, पण त्या पिंजऱ्यातली पाण्याची वाटी कोरडी पडलीय."

१३ मार्च

नर्सच्या बटाट्यावर सापडल्या!!

१९ मार्च

दुसरं खोकं. या वेळी नर-मादीचे फोटो, बाण काढून, लाल पेनानं खुणा. खाली एक ओळ — मॅडमनी वाचून दाखवली — "हा नवरा. कृपया मारू नये."

एका पिंजऱ्यात सोडले सगळे. मॅडम म्हणाल्या, लागलं बाई एकदाचं लग्न. मी अक्षता टाकायची तेवढी राहिले.

२ एप्रिल

ममी रंग धरतायत. माझं जेवणावर लक्ष नाही. नवरा म्हणतो, मुलीच्या निकालालाही तू एवढी घाबरली नव्हतीस.

६ एप्रिल

मुली! मुलीच मुली! पिवळ्याधमक! सगळ्या पिंजऱ्याला सोन्याचा वर्ख लागल्यासारखा. मॅडमनी मला मिठी मारली, ब्रश-बिश सगळं विसरून. मग दोघींना पुन्हा सगळं अंग झटकून घ्यावं लागलं.

भटक्याला कळवलं. त्यानं नर्सला कळवलं. नर्सनं आपल्या परसाचा फोटो पाठवला, बटाटा अजून लटकतोय, खाली तिचं मांजर. कुठली कोण बाई! पण मला वाटलं, हिला एकदा घट्ट धरावं.

११ एप्रिल

तपासण्या झाल्या. मधमाश्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. रेशमाच्या किड्यांच्या पाठीवरून चालत गेल्या, वाटेतला दगड ओलांडावा तशा. दुसरे ढेकूण दिले तर नाक मुरडलं. ढीगभर कागद आता समितीकडे गेलेत. समितीत तीन देशांची माणसं आहेत. एकानं विचारलं, या माशीला हिवाळा झेपतो का? दुसऱ्यानं त्याच्याकडची दहा वर्षांची हवामानाची माहिती उघडून दिली, न मागता. मी आयुष्यभर ऐकत आले, जग म्हणजे नुसती ओढाताण. असेलही. पण या टेबलावर मी जे पाहिलं, तेही जगच होतं ना?

ताईचा फोन — "शेंड्याला नवी पानं फुटतायत गं. हिरवी." आवाज असा, की ऐकवेना. म्हटलं, होतं असं, वारं बदललं की फुटतात चार पानं. तिला खोटी आशा नको. फोन ठेवल्यावर मलाच कसंतरी झालं. आशा धरायचीसुद्धा चोरी केली मी तिला.

१७ एप्रिल

परवानगी आली!

पहिली बाग ताईची. मॅडमनी तिथल्या तिथं ठरवलं. मी म्हटलं, माझी बहीण आहे, लोक बोलतील. मॅडम म्हणाल्या, "बोलू देत. या सबंध पट्ट्यात दोन महिने औषध न मारलेली दुसरी बाग दाखव मला." ताईच्या शेजाऱ्याला विचारलं होतं त्यांनी. तो म्हणाला, आधी तिच्याकडे होऊ द्या, मग बघू.

भावजींचा फोन आला, मला! पहिल्यांदाच. म्हणाले, "नक्की होईल ना काहीतरी? ती रोज बागेत जाऊन बसते. मी गोदामवाल्याला थांबवून ठेवलंय, पण..." दोन महिने मनातल्या मनात मी या माणसाला काय काय बोलत होते! त्याला बागेची नव्हे, बाईची काळजी होती. लाज वाटली.

२३ एप्रिल

नळ्या भरल्या. प्रत्येक नळीत मधाचा ठिपका, कापसाचा बोळा. माझ्या हातानं. उद्या सकाळी निघायचं, ऊन चढायच्या आत सोडायच्या.

ताईनं विचारलं, "काय करावं लागतं? काही तयारी?" म्हटलं, काही नको, नुसती उभी राहा. तर म्हणे, "नवं लुगडं नेसू का?" हसले मी. मग म्हटलं, नेस.

२४ एप्रिल

नळ्या उघडल्याच नाहीत.

सोडण्याआधी झाडांची पानं तपासून घ्यायची, असा नियम आहे. मॅडमनी पहिलं पान उलटं केलं, भिंग लावलं. दुसरं पान. तिसरं. मग माझ्याकडे वळल्या. "तू दिल्यास हिला?"

नाही! शप्पथ नाही! भिंग हिसकावूनच घेतलं मी. पानाच्या मागं ममी. तपकिरी, वाळलेल्या, पाठीला गोल भोकं. शेकड्यानं! आणि शिरेवर पिवळ्या बाया हिंडतायत, ढेकणं शोधत, घर स्वतःचं असल्यासारख्या.

मॅडमनी एक ममी बोटावर चुरडून पाहिली. हळूच म्हणाल्या, "जुन्या आहेत. दोन-तीन पिढ्या उलटल्यात. मार्चच्या सुरुवातीला आपल्याकडे एक मादी नव्हती. ह्या आपल्या नाहीत." मग बांधावरून शेजारच्या बागेत गेल्या, तिथली पानं आणली. नुसते ढेकूण. एक ममी नाही. औषधाचा भपकारा.

ढेकणाबरोबरच आल्या होत्या त्या. त्याच रोपांत, त्याच बोटीनं, कुणी न बोलावता, दोन वर्षांपूर्वीच. दर आठवड्याला मरत होत्या, सगळ्या बागांमध्ये. ताईनं पंप खाली ठेवला, तेवढ्या एका बागेत जगल्या.

मी सांगितलं तिला. नव्या लुगड्यात उभी होती. आपल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हणजे दोन वर्षं मीच मारत होते त्यांना?"

तेवढ्यात शेजारी पंप सुरू झाल्याचा आवाज आला. ताईनं लुगडं वर खोचलं आणि अनवाणी कुंपणाकडे धावत सुटली — "बंद करा! अहो भाऊ, बंद करा तो पंप!"